नॉकडूनं नेलेली

४ मे १९८७

विनी,

तू जिवंत आहेस म्हणे. छान झालं. छत्तीस वर्षांत दोन ओळी खरडून हे कळवायला तुला जमलं नाही, ते शेवटी मॅलकीच्या भाच्यानं कळवलं. मॅलकी म्हणजे माझा नवरा. तुला कुठून माहीत असणार? लग्नाला तू नव्हतीसच.

हा भाचा डेसी, कॉव्हेन्ट्रीला इमारतींच्या कामावर असतो. तिथल्या चर्चच्या हॉलमध्ये रविवारी एक बाई चहा देते. तिची हनुवटी बघून तो म्हणे जागच्या जागी थबकला. "मामी, अगदी तुझी आई! कप पुढं करताना मानसुद्धा अश्शी वर!" त्यानं विचारलं, बाई, तुम्ही मूळच्या कुठल्या? तर बाई म्हणाली, "कुठलीच नाही." आता असं तुटक उत्तर आपल्या घराबाहेरचं कोण देणार? त्यानं इकडून तिकडून नाव काढलं, पत्ता काढला आणि ईस्टरला आला तेव्हा माझ्या हातात ठेवला. मी तो पिठाच्या डब्यामागं सारून दिला. जिला आपली आठवण नाही तिच्यासाठी पोस्टाचं तिकीट कशाला फुकट घालवा, म्हटलं.

पण आता लिहावंच लागतंय, कारण तुझा बोर्ड लागलाय.

हो, बोर्ड! नाक्यावर, बस थांबते तिथं, दोन खांबांवर चांगला दाराएवढा. आमच्याकडे आता पर्यटन कमिटी आहे. तिचे अध्यक्ष कोण, तर कॉनबॉय मास्तर. शाळेतून निवृत्त झाले, पण लोकांना शिकवायची खोड काही गेली नाही. त्यांचं म्हणणं, आपल्या टेकडीवर एवढ्या गोष्टी आहेत आणि गाड्या सरळ निघून जातात, थांबत नाहीत. म्हणून बोर्ड. त्यावर म्हातारीचं दगडी घर आहे, धुक्याची टोपी आहे, ज्या काटेरी झाडाला कुऱ्हाड लावायला कुणी धजेना म्हणून सरकारनं रस्ता वळवला ते झाड आहे. इथवर ठीक आहे. आणि मग खाली, सगळ्यात मोठ्या चित्रात, तू!

"१९५१ सालच्या फ्रॉखनच्या, म्हणजे रानातल्या जांभळ्या फळांच्या, रविवारी विनिफ्रेड मॅकगोल्ड्रिक ही एकोणीस वर्षांची रूपवती फळं वेचायला नॉकडू टेकडीवर गेली आणि टेकडीनं तिला आत नेलं." रूपवती! चित्रात तुला लालभडक केस दिलेत. तुझे केस उंदराच्या रंगाचे होते, विनी, आणि माझेही तसेच आहेत. वर पंख! पाठीतून दोन हिरवे पंख फुटलेत तुझ्या. मास्तरांच्या सुनेनं काढलंय ते चित्र. मी बोर्डासमोर उभी राहिले तेव्हा माझं डोकं असं भणकलं की हातातली अंडी तिथंच त्याच्यावर फेकणार होते.

आणि सगळ्यावर कडी म्हणजे शेवटची ओळ. "टेकडीतून परतलेले लोक आतल्या सोन्याच्या महालांची वर्णनं करत." कोण करत? डोंबल! परतलेलं माणूस कधी एक अक्षर बोललंय? आणि त्याला विचारतं कोण? किट डोलनची गोष्ट आजीनं आपल्याला किती वेळा सांगितली असेल. टेकडीनं नेलेली किट सात वर्षांनी दारातून आत आली. नवऱ्यानं खुर्ची सरकवली आणि हातात सुरी दिली. ती बटाटे सोलायला बसली. झालं. ती मरेपर्यंत कुणी विचारलं नाही की बाई, कुठं होतीस. टेकडीतल्या भल्या माणसांकडून, पऱ्यांकडून, आलेल्याला विचारायचं नसतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं, आणि चाळीस वर्षं शाळा चालवलेल्या माणसाला कळू नये?

तर मला तुझ्याकडून एवढंच हवंय. कमिटीला एक सणसणीत पत्र लिही, की मी जिवंत आहे, कॉव्हेन्ट्रीत चहा देते, मला पंख नाहीत, बोर्ड काढा. किंवा स्वतः ये आणि त्या बोर्डाखाली उभी राहा. मास्तरांचं तोंड बघायला मी पहिल्या रांगेत बसेन.

आई बरी आहे. तुझा फळांचा डबा, तू गेल्यावर म्हातारीच्या दगडांवर सापडलेला, अजून स्वयंपाकघरात त्याच खिळ्याला आहे. ती कुणाला हात लावू देत नाही.

डेलिया


२९ मे १९८७

विनीबाई,

उत्तर नाही. वाटलंच होतं.

काल कमिटीची सभा होती. मी गेले. मॅलकी म्हणत होता, "जाऊ नकोस, तू बोललीस की तीन घरांशी बोलणं बंद होतं." मी म्हटलं, चौथं होऊ दे. उभी राहिले आणि म्हणाले, "मास्तर, कुणाला विचारून माझ्या बहिणीला रस्त्यावर टांगलंत?"

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "डेलिया, तुला माहीत नाही का?"

"काय माहीत नाही?"

"अगं, तुझ्या आईनंच बोलावून घेतलं मला. नाव घाला म्हणाली. साल घाला म्हणाली. मी नको म्हणत होतो."

मागं बीझी टॅन्सी बसली होती, आपल्या शेजारची. तुझ्याएवढीच आहे ती, आता जाडजूड झालीय. कुणाच्या घरी काय शिजतं ते तिला झाकण न उघडता कळतं. ती काय म्हणाली असेल? काही नाही. खाली बघून हातमोजे घडी करत बसली. बीझी गप्प बसते म्हणजे काय ते तूच समज.

मी तशीच घरी आले. आई पलंगावर होती. ईस्टरपासून ती पलंगावरच आहे. मागच्या पत्रात लिहायचं राहिलं. पाय सुजतात, बाकी काही विशेष नाही. मी म्हटलं, "आई, तू सांगितलंस मास्तरांना?" तिनं भिंतीकडे तोंड केलं. मी म्हटलं, "सगळा जन्म टेकडीनं नेल्याची ही थाप मारत आलीस, ती कमी पडली म्हणून आता रंगवून घेतलीस? येणारे जाणारे बसमधून फोटो काढतायत तिचे!" ती म्हणाली, "चहात दूध जास्त घाल." बस्स. एवढंच.

मला किती संताप आला असेल! मी बारा वर्षांची होते तेव्हा, आंधळी नव्हते. तू रोज सकाळी गोठ्यामागं जाऊन ओकत होतीस ते मला दिसत होतं. त्याचा अर्थ कळायला मला दोन वर्षं लागली, पण कळला. तोवर मात्र मी वेडी, दर फ्रॉखनच्या रविवारी पहिली मूठभर फळं म्हातारीच्या दगडांवर ठेवताना भल्या माणसांना सांगायचे, ही घ्या, आमची विनी द्या. सगळे आपली मूठ ठेवून पुढं जायचे आणि मी तिथं दगडाला कान लावून बसायचे. आणि आईला सगळं ठाऊक होतं! तिनं एकदाही म्हटलं नाही की डेलिया, ऊठ, तिथं कुणी नाही.

बाबांनी तर तुझं नावच टाकलं होतं. मरेपर्यंत घेतलं नाही. ते मला कळतं, ते तसेच होते. पण आई? स्वतःच्या पोरीची लाज झाकायला तिनं तिला परीकथा करून टाकलं. मी तुझ्यावर चिडले आहेच. पण या बाबतीत मी तुझ्या बाजूनं आहे, एवढं लक्षात ठेव.

उत्तर पाठव. शिव्या घातल्यास तरी चालेल.

डेलिया


१९ जून १९८७

विनी,

तुझं पत्र आलं. एवढुसं! किराणा आणायला मॅलकीला चिठ्ठी देते ती याहून मोठी असते माझी.

"तुम्ही लोकांनी मला टेकडीत जिवंत गाडलंत, आता वर पाटीही लावलीत. आईला माझी लाज वाटली म्हणून तिनं कोट चढवून मला घराबाहेर काढलं. येऊन काय करू? नाक्यावर उतरल्या उतरल्या बीझी टॅन्सी विचारेल, कुठं होतीस गं, आणि पोर कुठाय. त्याचं उत्तर मला देता येणार नाही."

मी ते पोस्टमनसमोरच वाचलं आणि दार आपटून आत गेले. आईला वाचून दाखवलं. हो, दाखवलं! म्हटलं, ऐक, तुझ्या थापेचं काय झालं ते ऐक. तू सापडलीस हे तिला ठाऊकच नव्हतं, मी सांगितलं नव्हतं. उगाच आशा लावून काय करायचं, असं वाटलं होतं.

ती डोळे मिटून ऐकत होती. म्हणाली, "परत वाच."

परत वाचलं.

"लाज?" ती म्हणाली. "मला?" आणि विनी, ईस्टरपासून जी बाई आधाराशिवाय उठली नाही ती कोपरावर उठून बसली. "मला लाज वाटली म्हणते? त्या शुक्रवारी फादर आले होते हे ठाऊक आहे का तिला? समोरच्या खोलीत तुझा बाप आणि फादर, दार लावून. सोमवारी गाडी येणार होती. नन्सच्या त्या घरी नेणार होते, लोकांचे कपडे धुवायला. फीनीची मॅगी तिथं गेली होती. पुन्हा पाहिलंस का तिला कधी? मी दाराबाहेर चहाचा ट्रे घेऊन उभी होते. सगळं ऐकलं. चहा नेऊन दिला, साखर किती म्हणून विचारलं आणि परसात जाऊन पॅकीला निरोप धाडला."

पॅकीमामा! आठवतं ना, पीटची, जळणाच्या मातीची, लॉरी चालवायचा. जन्मभर आपल्याकडे येऊन चहा प्यायचा, खोकायचा आणि जायचा. मरताना मी उशाशी होते त्याच्या, तरी एक शब्द बोलला नाही.

"रविवारी सगळं गाव टेकडीच्या पुढच्या अंगाला फळं वेचत असणार," आई म्हणाली, "म्हणून पॅकीला मागच्या अंगाला उभं केलं. तिच्या अंगावर कोट चढवला, खिशात पाव घातला, आणि सांगितलं, मागच्या बाजूनं उतर."

"पण तिला गाडीचं का नाही सांगितलंस?"

"तिला सांगून? ती तडक बापाकडे जाऊन भांडली असती. तोंड तर तुझ्यासारखंच होतं. मग कोंडून ठेवली असती."

मला तो कोट आठवला, विनी. जुलैत, उन्हात, हिवाळ्याचा तपकिरी कोट घालून फळं वेचायला कोण जातं? तू फाटकातून गेलीस आणि मी आईला म्हटलं, ताप आलाय का हिला? तिनं मला कणीक मळायला बसवलं.

मी म्हटलं, "आणि मग म्हणालीस की टेकडीनं नेली."

"मग काय म्हणू? पळाली म्हटलं असतं तर सोमवारीच गार्ड, पोलीस, मागं सोडले असते. इंग्लंडच्या बोटीवरून धरून आणली असती. टेकडीच्या मागं कुठला गार्ड लागतो?"

"आणि बाबांना पटलं?"

"पटलं की नाही ते देवालाच माहीत. त्यांना गावात मान वर ठेवून फिरायचं होतं. मी सोय करून दिली."

"बरं, बाबा गेले. ते फादर गेले. मग तरी खरं सांगायचंस! मला तरी!"

तिनं माझ्याकडे असं बघितलं जसं काही मी चुकून तिच्या पोटी आले. "अगं बये," म्हणाली, "पळालेली पोर परत आली तर गाव काय करतं?"

मी म्हटलं, काय करणार, विचारतं. कुठं होतीस, कुणाबरोबर होतीस, पोराचं काय केलंस.

"आणि टेकडीतली परत आली तर?"

माझ्या डोळ्यांसमोर किट डोलन आली.

"सुरी देतं," आई म्हणाली. "म्हणून. कळलं? म्हणून इतकी वर्षं एकाच्याही तोंडून दुसरं काही निघू दिलं नाही मी. तिला यायला एक दार ठेवलं होतं, जिथं कुणी अडवणार नाही. आणि ती म्हणते मी गाडलं!"

मग बोर्डाचं. म्हणाली, "मी काही आता फार दिवसांची नाही. माझ्यामागं हे सांभाळणार कोण? तू? तू तर तोंड वाकडं करतेस. नवी पोरं हसतात. मग ती आली तर नाक्यावरच धरतील की तिला. म्हणून मास्तरला बोलावलं. टेकडीच्या गोष्टी सांगितल्या, आणि म्हटलं, बाकी काही गाळलंस तरी चालेल, पण शेवटी हे मोठ्या अक्षरांत घाल, की परत आलेल्याला विचारायचं नाही. घातलंय ना?"

विनी, मला सांगावं लागलं की नाही घातलं. सोन्याचे महाल घातलेत.

मी तिला माझ्या जन्मात एवढी चिडलेली पाहिली नाही. "पंखांना बरी जागा मिळाली मेल्याला!" म्हणाली, आणि मग रडली. बाबा गेले तेव्हा रडली नव्हती.

मी अजून तुझ्यावर चिडलेली आहे. पण आता कशाबद्दल ते मला नीट सांगता येत नाही. तू लिहायला हवं होतंस. तिनं सांगायला हवं होतं. दोघींची हनुवटी एक, दोघीही वर धरून बसलात, आणि मध्ये मी दगडाला कान लावून.

डेलिया


६ जुलै १९८७

विनी,

थोडक्यात लिहिते, हात रंगानं भरलेत.

मी कॉनबॉय मास्तरांकडे दोनदा गेले. ओळ घाला म्हटलं. म्हणाले, जागा नाही, आणि "पर्यटकाला त्यात काय रस?" पुन्हा छापायचं तर कमिटीचा ठराव लागेल, सप्टेंबरमध्ये बघू. सप्टेंबर! आईकडे सप्टेंबर नाही, विनी. आई बरी आहे असं लिहिलं होतं ते खोटं होतं. पहिल्या पत्रातही खोटंच होतं. डॉक्टर म्हणतात, हृदय थकलंय. तुला कीव येऊन तू यावंस हे मला नको होतं. तू चिडून यावंस अशी माझी इच्छा होती. आता कशीही ये.

तर काल मिसानंतर, सगळं गाव चर्चमधून बाहेर पडत असताना, मी गोठ्याच्या दाराचा पांढरा रंग आणि ब्रश घेऊन नाक्यावर गेले. चोरून का करू? पंखांवर रंगाचा पट्टा मारला. तो वाळेपर्यंत समोर दगडावर बसले. कुणी जवळ आलं नाही. मग काळ्या रंगानं लिहिलं:

"टेकडीतून परत आलेल्याला कुठं होतीस असं विचारायचं नाही. बसायला द्यायचं आणि हाताला काम द्यायचं."

अक्षर वाकडंतिकडं आलंय. शेवटचे दोन शब्द खांबावर गेलेत.

मास्तर धावत आले. टोपी हातात, चेहरा लाल. "डेलिया! ही सार्वजनिक मालमत्ता आहे!"

"आणि ही माझी बहीण आहे," मी म्हटलं. "सरका, ओला आहे रंग."

"मी गार्डना बोलावीन!"

"बोलवा. शब्द नीट लिहिलेत का तेही तपासून घ्या त्यांच्याकडून."

तोवर बीझी टॅन्सी आली. ती बोर्डासमोर उभी राहिली, सबंध ओळ मोठ्यानं वाचली, आणि म्हणाली, "हे तर सगळ्यांना माहीतच आहे. लिहायचं काय त्यात?" मग रुमाल काढून खाली आलेला रंगाचा ओघळ पुसला. मास्तरांकडे वळून म्हणाली, "तुम्हाला माहीत नव्हतं का, मास्तर?" मास्तरांनी टोपी घातली आणि गेले.

बीझी माझ्याकडे न बघता म्हणाली, "यंदा फळं चांगली धरलीत. तुझ्या आईला सांग." एवढंच. मला वाटतं, तिला सगळं ठाऊक आहे. पहिल्या दिवसापासून ठाऊक असणार. मागच्या अंगाला त्यांचंच कुरण आहे ना. लॉरी दिसली नसेल का?

फ्रॉखनचा रविवार सव्वीस तारखेला. शनिवारची बस दुपारी येते. मी नाक्यावर येणार नाही. घरी बटाटे असतील आणि सुरी असेल.

डेलिया


१७ ऑगस्ट १९८७

विनी,

पोचल्याचं कार्ड मिळालं. "नीट पोचले. हवा गरम." वा! प्रगती आहे.

मला आता तोंड उघडू दे, कारण तू इथं असताना मी ते शिवून ठेवलं होतं. मला काय यातना झाल्यात त्याची तुला कल्पना नाही. तू समोर बसून बटाटे सोलत होतीस आणि मी जिभेचा चावा घेऊन उभी. डाव्या हाताचा तो भाजल्याचा डाग कशाचा, नाही विचारलं. अंगठी नाही पण अंगठीची खूण आहे, नाही विचारलं. झोपेत एक नाव घेतलंस, ऐकलं, पण कुणाचं, नाही विचारलं. मॅलकी म्हणतो, एवढी गप्प मी लग्नाच्या दिवशीही नव्हते. आणि हे सगळं माझ्याच हातानं मी बोर्डावर लिहिलेलं! कुणाला सांगू?

तू बसमधून उतरलीस आणि बोर्डासमोर किती वेळ उभी होतीस ते बीझीनं मला नंतर सांगितलं. ती समोर दुकानाच्या दारात होती. "तिनं माझ्याकडे बघितलं," म्हणाली, "मी म्हटलं, वारा सुटलाय. तीही म्हणाली, हो, सुटलाय. मग गेली घराकडे." बीझीच्या घरात आता तीन पिढ्या हे सांगतील.

पण आई! नियम कुणाचा? तिचा. सगळा जन्म कुणासाठी घालवला? त्या नियमासाठी. आणि तू दारात आलीस, मी खुर्ची सरकवतेय, सुरी शोधतेय, तोवर ही बाई उशीवरून तुझ्याकडे बघते आणि विचारते काय, "फळं कुठायत?"

माझ्या हातून सुरीच पडली. मी म्हटलं, "आई, विचारायचं नाही ना!" तर म्हणते, "मी कुठं होतीस विचारलं का? फळं विचारली. फळं आणायला पाठवलं होतं तिला."

आणि तू खिळ्यावरचा डबा काढलास. तेव्हाच मी परसात गेले. कांदे आणते म्हटलं खरं, पण कांदे आणायला गेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी टेकडीवर सगळं गाव होतं, आणि प्रत्येकजण तुझ्याशी हवामानावर बोलत होता. मी मोजत नव्हते, पण वारा सुटल्याचं तुला अख्ख्या गावानं सांगितलं असेल. फक्त कॉनबॉय मास्तर पुढं आले, डोळे चमकतायत, "विनिफ्रेड, आत नक्की काय—" एवढ्यात बीझीनं त्यांच्या पायावर पाय दिला. चुकून. सबंध वजनानिशी. आजही लंगडतायत.

तू म्हातारीच्या दगडांवर पहिली मूठ ठेवलीस तेव्हा मी मुद्दाम मागं थांबले. वाकून काहीतरी पुटपुटलीस. मला ऐकू आलं नाही, आणि आलं असतं तरी सांगितलं नसतं.

आईनं ती फळं दोन दिवस खाल्ली, एकेक करून, तुझ्याच हातून. बुधवारी सकाळी गेली. हे तुला माहीत आहे, तू हात धरून होतीस. पण एक तुला माहीत नाही. तू फादरना बोलवायला गेलीस तेव्हा बायका तिला आवरायला आल्या. ओठ जांभळे होते फळांनी, हनुवटीवरही एक ओघळ. कुणीतरी ओलं फडकं पुढं केलं. मी म्हटलं, पुसायचं नाही. ती म्हणाली, अगं, लोक बघायला येतील, बरं दिसेल का? मी म्हटलं, तिच्या पोरीनं आणलेली फळं आहेत ती. तशीच राहू देत. तशीच नेली तिला.

बोर्ड अजून आहे. सप्टेंबरच्या ठरावात माझी ओळ नीट छापून घेणार आहेत म्हणे, मास्तरांनी स्वतःच सुचवलं. मी म्हटलं, पंख नकोत. बघू म्हणाले. भांडण होणार आहे, मी तयारीत आहे.

तुझा डबा घासून त्याच खिळ्याला लावलाय. शेजारी मी दुसरा खिळा ठोकलाय आणि त्याला एक नवा डबा अडकवलाय, थोडा लहान. झोपेत घेतलेल्या त्या नावासाठी आहे की आणखी कुणासाठी, ते मी म्हणत नाही. पुढच्या जुलैत लागला तर आहे, नाही लागला तर राहील तिथंच. मी काही विचारलेलं नाही.

तुझी
डेलिया